तंगुसाची चौथी गाठ

माझ्या नवऱ्याने मला जेवढ्या वेळा नावाने हाक मारली नसेल, तेवढ्या वेळा इनास सरांनी मला “बाई, हलू नका” असं सांगितलं असेल. आणि मी हलायचेच. एका जागी गप्प उभं राहणं आमच्या घराण्यातच नाही. आमच्या वाडीतल्या बायका नुसत्या गप्पा मारायला बसल्या तरी हाताने फुलं ओवत असतात, नाहीतर पानं पुसत असतात. त्यात मी विज्ञानाची शिक्षिका, वर्गात चार भिंतींना फेऱ्या मारत शिकवणारी. मला कसलं हलू नका सांगता?

वसईतल्या आमच्या शाळेत इनास सर चित्रकला शिकवायचे. सत्तरच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. शिक्षकखोलीत माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, म्हणून मला ते जरा जास्त कळले. पाचूबंदरच्या कोळ्याचा मुलगा, बापाची होडी होती, भाऊ अजून समुद्रावर जात. हे एकटे शिकले आणि खडू हातात घेतला. पांढरा बुशशर्ट, केसांना खोबरेल, पायात टायरच्या चपला. डब्यात सुका बोंबील असला की खिडकीकडे तोंड करून खायचे. मी म्हणायची, “अहो सर, मीही खाते, इकडे वळा.” तर म्हणायचे, “तुम्ही मागाल म्हणूनच तिकडे वळलोय.”

त्यांची एक सवय होती. कुठलीही वस्तू हातात आली की आधी चष्मा काढायचा आणि ती नाकाला लागेल इतकी जवळ धरायची. खडू, बटाटेवडा, मुलांच्या वह्या, एकदा तर मुख्याध्यापकांनी दिलेला मेमोसुद्धा. मुख्याध्यापक चिडले. “वाचता की हुंगता?” सर शांतपणे म्हणाले, “जवळ गेल्याशिवाय कळत नाही, सर.” मेमो उशिरा आल्याबद्दलच होता, त्यात न कळण्यासारखं काय होतं देव जाणे.

आणि त्यांच्याकडे कॅमेरा होता. कुणाचा तरी वापरलेला, जपानी. त्याचं कातडं एका बाजूने सुटलेलं, तिथे सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावलेलं. अगदी जवळून फोटो काढायला वेगळी लेन्स मिळते म्हणे, पण ती शिक्षकाच्या आवाक्यातली नव्हती. सरांनी मुंबईला फोर्टातल्या फुटपाथवरून तीन गोल काचा आणल्या होत्या. चष्म्याच्या काचेसारख्याच, फक्त कडेला आटे असलेली धातूची चकती. बरणीचं झाकण फिरवून लावतो तशी ती लेन्सच्या तोंडावर लावायची. पहिलीने वस्तू थोडी मोठी दिसे, दुसरीने आणखी, तिसरीने त्याहून. हौस असली तर एकीवर एक तिन्ही चढवायच्या. दुकानदार त्यांना क्लोज-अप फिल्टर म्हणत, सर नुसतं “भिंगं” म्हणत. सुपारीच्या पितळी डबीत, मलमलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचे. डबी बुशशर्टाच्या खिशात, छातीशी.

ही भिंगं लावली की एक अडचण येते. वस्तू ठरावीक अंतरावर असेल तरच ती नीट दिसते. जरा पुढेमागे झालं की सगळं धूसर. लोक त्यासाठी पट्टी वापरतात, टेप वापरतात. सरांनी कॅमेऱ्याच्या बुडाला तंगूस बांधलं होतं, मासे धरायचा नायलॉनचा दोरा. त्याला गाठी मारलेल्या. पहिल्या भिंगाला दोन हात लांबची गाठ, दुसऱ्याला त्याच्या निम्म्यावर, तिसऱ्याला वीतभर अंतरावर. गाठ फुलाला टेकली की अंतर बरोबर. मी म्हटलं, “साधा टेप घ्या की हो.” म्हणाले, “माझ्या बापाने दोरीच्या गाठी मोजून पाण्याची खोली काढली. मी जास्वंदीची काढतो. काय बिघडलं?”

तंगुसाला चौथीही एक गाठ होती, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ, जेमतेम आठ बोटांवर. ती कशाची, विचारलं तर म्हणाले, “ती तिन्ही भिंगं एकदम लावली तर.” आणि विषय बदलला.

जास्वंद म्हटलं आणि आठवलं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मला फुलाच्या आतल्या भागांचे मोठे फोटो हवे होते. सर म्हणाले, काढू. मला वाटलं पाच मिनिटांचं काम. सकाळी शाळेच्या कुंपणापाशी मला काळी छत्री उघडून फुलामागे उभं केलं, मागची हिरवळ दिसू नये म्हणून. मग सर गुडघ्यांवर. तंगूस ताणलं, गाठ फुलाला लावली, सोडली, डोळा लावला. इंचाच्या दहाव्या हिश्शाएवढे पुढे सरकले. पुन्हा मागे.

“बाई, हलू नका.”

“मी कुठे हलले?”

“श्वास घेताय.”

“अहो सर, फोटो फुलाचा आहे ना? मी श्वास घ्यायचा नाही?”

“घ्या. पण सोडू नका. फूल हलतं.”

वाऱ्याची झुळूक आली की थांबायचं, ढग आला की थांबायचं. तेवढ्यात एक मुंगळा माझ्या पोटरीवर चढला. मी दात आवळून उभी. मुंगळा चावला. मी छत्रीसकट उडी मारली, फूल देठापासून तुटलं, आणि सर तसेच गुडघ्यांवर बसून माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता ऐकवतील. तर म्हणाले, “मुंगळा कुठे गेला? त्याचाही एक काढू.” डोंबल! मी हसून हसून खाली बसले.

दुसऱ्या फुलाचा फोटो मात्र असा आला की बोलायची सोय नाही. केसराच्या टोकाच्या त्या पाच लाल मखमली टिकल्या आणि त्यांवर मोहरीसारखे पिवळे कण. वर्गातली एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बाई, हे आपल्याच कुंपणावरचं?” त्या दिवसापासून मुली कुंपणाजवळ थांबून जास्वंदीत डोकं घालू लागल्या. सरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

पण भिंगं त्यांनी फुलांसाठी घेतलीच नव्हती. हे मला हळूहळू कळलं.

पाचूबंदरला लोक त्यांच्याकडे जुने फोटो घेऊन यायचे. कुणाचा नवरा समुद्रावरून परतला नाही, त्याचा एकटा असा फोटोच नाही. कुठल्या तरी लग्नात पंचवीस माणसांत मागच्या रांगेत उभा, तोंड मसुराच्या डाळीएवढं. नोव्हेंबरात मृतांचा दिवस असतो, त्या दिवशी कबरी फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात. घरातल्या अल्तारापाशी, म्हणजे देव्हाऱ्यापाशी, माणसाचं तोंड दिसावं असं कुणालाही वाटणारच. सर तो फोटो अंगणातल्या भिंतीवर टाचण्यांनी ताणून लावायचे, ऊन थेट नको, सावलीतला उजेड हवा. भिंग लावायचं, गाठ टेकवायची, आणि त्या एका मसुराचा फोटो काढायचा. एकदा मी तिथे असताना मोनू नावाची कोळीण तिच्या नवऱ्याचा फोटो न्यायला आली. बघत राहिली. मला तर नुसते काळे-करडे ठिपके दिसत होते. ती म्हणाली, “कान त्याचाच हाय.” आणि पदराने फोटो पुसला, जणू त्याच्या तोंडाला पाणी लागलंय.

ती गेल्यावर सर म्हणाले, “बाई, मला माझ्या आईचा काढायचाय.”

त्यांची आई ते दीड वर्षांचे असताना गेली. बापाने दुसरं लग्न केलं, आजोळाशी येणंजाणं तुटलं. आईचा फोटो जगात एकच. बापाने नवीन होडी बांधली तेव्हा पाद्रींनी येऊन तिला आशीर्वाद दिला होता, पवित्र पाणी शिंपडलं होतं. त्या दिवशी मुंबईचा फोटोवाला बोलावलेला. फोटोत अख्खी होडी, पताका, पाद्री, आणि होडीच्या पुढ्यात घरची माणसं. आजी खुर्चीत, तिच्या मांडीवर तोंड वासलेलं एक पोर. ते पोर म्हणजे सर.

“आणि आई?”

“बाबांनी दाखवलं होतं एकदा. होडीच्या टोकाजवळची. मी शाळेत होतो.”

सरांना आईचा चेहरा हवा होता. आयुष्यात दुसरं काही मागितलेलं मी त्यांना पाहिलं नाही, बढतीसुद्धा नाही. पन्नाशीकडे आलेला माणूस, पण हे सांगताना आवाज असा खाली गेला की मला टेबलावरच्या वह्या उगीच सारख्या कराव्याशा वाटल्या. तिन्ही भिंगं त्यासाठी होती. चौथी गाठ त्यासाठी होती. फुलं आणि मुंगळे हा सगळा सराव. हात स्थिर झाल्याशिवाय आईकडे जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं.

एका नाताळाच्या सुट्टीत त्यांनी ते केलं. शाळा उघडली त्या दिवशी डबा न उघडता आधी पाकीट उघडलं. “बाई, बघा.”

एका बाईचा चेहरा. कडा धूसर, पण मधे डोळे, नाक, ओठ स्पष्ट. कपाळ मोठं, ओठ घट्ट मिटलेले, फोटोवाल्याला जरा घाबरलेली.

“ओठ माझ्यासारखे आहेत ना?”

“अगदी,” मी म्हटलं. आणि खोटं नव्हतं ते. होतेच तसे.

फोटो चौकटीत बसला. घरी अल्ताराशेजारी लागला. त्यांच्या बायकोने, सिसिलिया वहिनींनी, मला सांगितलं की सर रोज सकाळी मेणबत्ती लावून दोन मिनिटं उभे राहतात आणि शाळेत काय झालं ते फोटोला सांगतात. “माझ्याशी एवढं बोलत नाहीत,” वहिनी म्हणाल्या, पण हसत होत्या.

पुढच्या मे महिन्यात सरांच्या पुतणीचं लग्न होतं. मलाही आमंत्रण. त्या लग्नाला उत्तनहून सरांची मावशी आली. इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी ओळखीने शोधून काढलेली, आईची सख्खी धाकटी बहीण. सत्तरीची, गुडघे गेलेले, पण आवाज खणखणीत. सर तिला हाताला धरून घरात घेऊन आले. तिला फोटो दाखवायचा म्हणून त्यांची किती घाई चालली होती! अल्तारापुढे खुर्ची मांडली, मेणबत्ती लावली, मला म्हणाले, “बाई, जरा सरका, उजेड येऊ द्या.”

मावशी बघत राहिली. मग डोळे बारीक केले. मग म्हणाली, “ही तं मी हाय.”

सरांनी मेणबत्ती फोटोच्या आणखी जवळ सरकवली.

“अरे, ही मी! आन् माझ्यापुढं मेनबत्ती लावतोस? जिवंतपनी मारलंस की रे मना!” आणि ती गदगदून हसायला लागली. वहिनी हसल्या, मीही हसले, काय करणार? सर हसले नाहीत. ते आत गेले आणि होडीचा मूळ फोटो घेऊन आले.

“मग आई कुठली?”

मावशीने फोटो हातात घेतला. बोटाने दाखवलं. तिच्या शेजारी, अगदी खेटून, आणखी एक बाई उभी होती. म्हणजे लुगडं होतं, पाय होते, एक हात होता. तोंडाच्या जागी नुसता पांढरट पट्टा.

“ही तुजी आय.”

बापाचं बोट दर्यावर्दीचं, जाड. त्याखाली दोन्ही बहिणी मावल्या असणार. शाळकरी मुलाने त्यातली जी स्पष्ट दिसत होती तीच आई धरली. कुणीही धरली असती.

“हिचं तोंड का नाही?” सरांनी विचारलं.

“फोटोवाला वरडत व्हता, हलू नका, हलू नका. आमी सगली लाकडासारखी उभी. आन् तू आजीच्या मांडीवर भोकाड पसरलंस. ती वलली तुज्याकडं. मी तिला कोपर मारलं, सरल उभी रहा म्हनून. पन ऐकते कसली? पोर रडतंय म्हटल्यावर ती काय सरल उभी राहील?”

सरांनी मेणबत्ती फुंकली. तेवढंच केलं. मग मावशीला जेवायला घेऊन गेले.

त्यानंतरचे कित्येक महिने सर त्या पट्ट्याच्या मागे लागले होते. सकाळच्या उजेडात, दुपारच्या उजेडात, एक भिंग, दोन, तिन्ही. जोरदार भिंग आतल्या बाजूला लावून बघ, लेन्सचं छिद्र बारीक करून बघ. रोलच्या रोल. शिक्षकखोलीत डबा तसाच राहायचा. मुख्याध्यापकांचा मेमो आला तर न बघता खणात टाकला, जवळसुद्धा धरला नाही. मला त्यांची काळजी वाटायची आणि काळजी वाटली की माझी जीभ सुटते, हा माझा जुना दोष आहे.

एक दिवस त्यांनी मला एक मोठा छापलेला फोटो दिला. तिन्ही भिंगांचा, चौथ्या गाठीचा. “बघा बाई, इथे. डोळ्याची जागा वाटते का?”

मी बघितलं. धूर होता नुसता. आणि मी म्हटलं, “सर, किती दिवस हे? हा नुसता डाग आहे हो.”

सरांनी फोटो माझ्या हातातून घेतला, पाकिटात घातला, पाकिटाचं तोंड नीट दुमडलं. म्हणाले, “हो. जवळ गेल्यावर डागच आहे.” मला त्याच क्षणी ते शब्द परत गिळावेसे वाटले. पण घंटा झाली, मला आठवीवर जायचं होतं, मी गेले. आणि मग रोज वाटायचं, आज बोलू, आज बोलू. माफी मागणं आमच्या घराण्यात आणखीच नाही.

नंतर सर बदलले म्हणावं तर तसे बदलले नाहीत. बोंबील खिडकीकडे तोंड करून खाणं पुन्हा सुरू झालं. डबी खिशात असायचीच. फक्त फोटो काढताना ते “हलू नका” म्हणेनासे झाले. मुलांची वर्गाची छायाचित्रं काढताना पोरं आपणहून ताठ उभी राहायची आणि सरांच्या शब्दाची वाट बघायची, तो यायचाच नाही. खटकन बटण वाजायचं आणि पोरं दचकायची.

एव्हाना माझं लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पदरात सात महिन्यांची मुलगी होती. नवऱ्याची नाशिकला बदली झाली आणि मी शाळा सोडली. निरोपाच्या दिवशी सगळ्या शिक्षकांचा फोटो काढायचं ठरलं. सर सकाळी माझ्या समोरच नवा रोल भरत होते. मी म्हटलं, “आज तरी मला हलू नका म्हणा.” ते नुसते हसले.

पायऱ्यांवर आम्ही दोन रांगांत उभे राहिलो. मधे मुख्याध्यापक, त्यांच्याशेजारी मी, गळ्यात हार. माझी मुलगी शाळेतल्या शकूबाईंच्या कडेवर, रांगेच्या टोकाला. सर कॅमेऱ्याच्या तिकाटण्यामागे वाकले. आम्ही श्वास धरून उभे. तेवढ्यात पोरीने असा टाहो फोडला की विचारू नका. मी वळले. बटणाचा आवाज मी ऐकला, पण माझं तोंड सरांकडे नव्हतं.

मुख्याध्यापक म्हणाले, “इनास सर, बाई हलल्या. परत घ्या.”

“नको. आला.”

“अहो, पण बाईंचाच निरोप आणि बाईच—”

“रोल संपला, सर,” इनास सर म्हणाले.

सकाळी भरलेला रोल एका फोटोत कसा संपेल? मी त्यांच्याकडे बघितलं. ते मान खाली घालून कॅमेऱ्याचं तंगूस बोटाभोवती गुंडाळत होते. सवयीने मी गाठी मोजल्या. एक, दोन, तीन. चौथीच्या जागी दोरा नुसताच वाकडा झालेला. नायलॉनची घट्ट बसलेली गाठ सोडवणं सोपं नसतं, सुईने, दाताने, किती वेळ बसले असतील कोण जाणे. मला त्या डागाबद्दल आता बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण पोर केस ओढत होती, बाहेर रिक्षा उभी होती, नवरा घड्याळ दाखवत होता. फाटकातून वळून बघितलं तर सर कुंपणाशी उभे होते, चष्मा काढून, जास्वंदीजवळ वाकलेले. हात हलवावा तर त्यांचं लक्षच नव्हतं.

फोटो टपालाने नाशिकला आला. नवरा म्हणाला, “सगळे छान आलेत, तूच तेवढी नाहीस.” मुख्याध्यापकांच्या शेजारी एक साडी, एक हार, आणि वर पांढरट पट्टा. मी इतकी चिडले! माझ्या निरोपाचा फोटो आणि माझंच तोंड नाही! उत्तरही पाठवलं नाही मी. दोन वर्षांनी सर गेल्याचं कळलं, झोपेतच गेले म्हणे. त्या दिवशी फोटो बाहेर काढला, वर्गात वापरायचे ते माझं जुनं भिंग घेतलं आणि पहिल्यांदा जवळून बघितला. टोकाला शकूबाईंच्या कडेवर माझी मुलगी, गालावरचा थेंब न थेंब स्पष्ट. आणि मधला तो पट्टा तिच्याकडे निघालेला. मग मी रडले. सरांना सांगायला हवं होतं की डाग नव्हता तो, माझीच अक्कल तोकडी होती. आता कुणाला सांगू?

तो फोटो माझ्या मुलीने लग्नानंतर मागून नेला, तिच्या पुण्याच्या घरी लावलाय. येणारे-जाणारे विचारतात, यात तुझी आई कुठली? ती उठते आणि बारीक बोट त्या पट्ट्यावर ठेवते. कधीही चुकत नाही.